कुठले शाहू महाराज? आधी तेवढं सांगा

आज जरा भांडायला आलोय. राग आला तर शेवटपर्यंत वाचून मग राग धरा.

गेल्या 18 मे ला आमच्या भावकीच्या ग्रुपवर सकाळी सहालाच एक चित्र आलं. वर लिहिलेलं, ‘छत्रपती शाहू महाराज जयंतीनिमित्त विनम्र अभिवादन’. खाली फोटो कोल्हापूरच्या राजर्षींचा. फेटा, भारदस्त चेहरा, तोच आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. दुपारपर्यंत चाळीस जणांनी हात जोडले. मी एवढंच लिहिलं, “18 मे हा सातारच्या शाहूंचा जन्मदिवस. ते 1682 साली जन्मले. त्यांचा फोटो कुणी काढला ओ?” झालं! एका काकांनी सुनावलं, “भावना बघ की. नाव तर तेच हाय न्हवं?”

नाव तेच आहे, हीच तर माझी तक्रार आहे.

एक शाहू म्हणजे संभाजीराजे आणि येसूबाईंचे चिरंजीव. 1689 ला रायगड पडला तेव्हा सात वर्षांचं पोर मोगलांच्या छावणीत गेलं. औरंगजेब मेल्यावर, 1707 साली, ते पंचविशीत सुटून आले. 1708 ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला. बाळाजी विश्वनाथ, थोरले बाजीराव, नानासाहेब हे तिघे पेशवे त्यांच्याच हाताखालचे. 1749 च्या डिसेंबरात ते वारले.

दुसरे राजर्षी शाहू. जन्म 26 जून 1874, मूळ नाव यशवंतराव, घराणं कागलकर घाटग्यांचं. कागल म्हणजे निपाणीहून कोल्हापूरला जाताना आपलं शेजारचंच गाव. 1884 ला ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. 1894 ला कारभार हाती घेतला. 1902 च्या 26 जुलैला निम्म्या नोकऱ्या मागासलेल्यांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. 1920 ला माणगावच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. 1922 ला गेले.

या दोघांच्या मध्ये साताऱ्याला आणखी एक शाहू झाले, 1777 ते 1808. त्यांचं तर नावही कुणी काढत नाही.

आता गंमत बघा. सातारच्या शाहूंचा जन्म माणगावजवळ गांगवलीचा, पण ते माणगाव रायगडचं. राजर्षींची परिषद झाली ते माणगाव हातकणंगल्याकडचं. शाहू दोन, माणगावं दोन. एखाद्या पोराने ‘शाहू – माणगाव’ एवढंच पाठ केलं तर तो परीक्षेत काय लिहील ते तुम्हीच सांगा.

“एवढ्याने काय बिघडतं?” असं म्हणणाऱ्यांसाठी पुढची गोष्ट. सातारचे शाहू सुटून आले तेव्हा त्यांना अडवायला उभ्या राहिल्या ताराबाई. 1707 ला खेडला लढाई झाली. पुढे ताराबाईंच्या बाजूनेच कोल्हापूरची गादी उभी राहिली. 1731 ला वारणेचा तह होऊन भाऊबंदकी मिटली, साताऱ्याला शाहू आणि कोल्हापूरला संभाजी. म्हणजे ज्या शाहूंशी लढून कोल्हापूर वेगळं झालं, त्यांचंच नाव खेडच्या लढाईनंतर 177 वर्षांनी कोल्हापूरच्या गादीवर आलं. भोसल्यांच्या दोन घरांमधला केवढा प्रवास आहे हा! पण दोन्ही शाहू एकच धरले की हा सगळा प्रवास दिसेनासा होतो. मग भांडणही उरत नाही आणि समेटही उरत नाही. नुसतं हात जोडणं उरतं.

आणि आपल्या भागात याचा थेट संबंध आहे. ‘आमच्या पूर्वजांना शाहू महाराजांनी इनाम दिलं’ अशा आठवणी इथे दर आठवड्याला वाचतो. छान वाटतं. पण वारणेच्या तहाने नदीच्या दक्षिणेचा मुलूख ठरला कोल्हापूरकर संभाजींचा. मग बेळगाव-निपाणीकडच्या घराला सनद कुठल्या शाहूंची, कुठल्या सालची? सातारकरांची असेल तर तहाआधीची की नंतरची? राजर्षींची असेल तर ती पेशवाईतली कशी? हे प्रश्न विचारणारा माणूस घराण्याचा वैरी नसतो. तो तुमच्या आठवणीला कणा देत असतो.

बरं, ही गल्लत एकट्या शाहूंची नाही. राजाराम बघा. एक जिंजीला जाऊन राज्य राखणारे, 1700 ला सिंहगडावर गेले. एक कोल्हापूरचे, युरोप बघायला गेले आणि 1870 ला इटलीत फ्लॉरेन्सला वारले. एक राजर्षींचे चिरंजीव, 1940 ला गेलेले. संभाजी म्हटलं की आपल्याला एकच आठवतात. पण शिवाजीराजांच्या थोरल्या भावाचं नावही संभाजीच, ते कनकगिरीला पडले. आणि वारणेच्या तहातले ते तिसरे.

बाजीरावांचं तर विचारूच नका. 1739 ला वसई पोर्तुगिजांकडून घेतली, तेव्हा पेशवे थोरले बाजीराव आणि मोहिमेवर त्यांचे भाऊ चिमाजी आप्पा. त्याच वसईत 1802 च्या 31 डिसेंबरला इंग्रजांशी तह करून राज्याची मान कुणी अडकवली? दुसऱ्या बाजीरावांनी. गाव एक, नाव एक, आणि अर्थ पार उलटा.

यावर एक शहाणे मला म्हणाले, “पहिला, दुसरा लावणं ही साहेबी खोड. आपल्यात नव्हतं असलं काही.”

साफ चूक. ‘थोरले माधवराव’ आणि ‘सवाई माधवराव’ कुणी म्हटलं? साहेबाने? ‘थोरले बाजीराव’ ही आपलीच बोली. आपल्या लोकांना माहीत होतं की नाव फिरून येतं, माणूस फिरून येत नाही. म्हणून त्यांनी नावाला खूण बांधली. खूण सोडली ती आपण, या फॉरवर्डच्या जमान्यात.

आणि चोर्ला घाट उतरून खाली गोव्यात गेलं तर तिथे साडेचारशे वर्षं ज्यांचा अंमल होता त्या पोर्तुगिजांच्या राजांकडे बघा. जुआंव नावाचे त्यांचे सहा राजे झाले. सेंट झेवियर 1542 ला गोव्यात उतरला तेव्हा राज्य तिसऱ्या जुआंवचं. वसई गेली तेव्हा पाचव्याचं. नेपोलियनच्या फौजेला भिऊन दरबारासकट ब्राझीलला गेला तो पुढे सहावा झाला. क्रमांक काढून टाका आणि सांगा, झेवियरला धाडणारा आणि वसई गमावणारा एकच का? त्यांनी क्रमांक लावले, शिवाय एकाला ‘उदार’, एकाला ‘आदर्श राजपुत्र’ अशी बिरुदंही दिली. त्यांचं कौतुक करा असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्याशी आपण लढलो त्यांचे राजे मोजता येतात आणि आपले मोजता येत नाहीत, याची थोडी तरी लाज वाटायला पाहिजे.

आता जरा नाजूक जागेला हात घालतो. बेळगावात चन्नम्मा चौकातून आपण रोज जातो. ती कित्तूरची राणी, 1824 ला इंग्रजांशी लढलेली, बैलहोंगलला कैदेत वारलेली. दुसरी चन्नम्मा केळदीची. 1689 ला राजाराम महाराज मोगलांना चुकवत जिंजीकडे निघाले तेव्हा त्यांना आसरा देणारी ती. त्यापायी तिने औरंगजेबाची फौज अंगावर घेतली. दोघींमध्ये 135 वर्षांचं अंतर आहे. परवा एका लेखात वाचलं, ‘कित्तूरच्या चन्नम्माने राजारामांना वाचवलं’. लिहिणारा मराठीच. सीमाप्रश्नावर घसा कोरडा करणाऱ्या आपल्या माणसाला, आपल्या छत्रपतीसाठी जीव धोक्यात घालणारी बाई नेमकी कोण, हे धड माहीत नसावं? आपला हक्क मागायचा तो मागूच. पण उपकार कुणाचे हे विसरून मागितलेला हक्क हलका होतो. आणि कित्तूरच्या राणीलाही तिचा स्वतःचा पराक्रम पुरेसा आहे. दुसरीचा उसना कशाला?

“इतिहासाचं ठीक आहे, घरात काय फरक पडतो?” पडतो. आमच्या घरात दोन वर्षं पडला.

आपल्यात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव. त्यामुळे आमच्याकडे एकाआड एक तेच चालत आलं. नावं इथे बदलून सांगतो. खापरपणजोबा रामचंद्र कृष्णाजी, पणजोबा कृष्णाजी रामचंद्र, आजोबा पुन्हा रामचंद्र कृष्णाजी, वडील पुन्हा कृष्णाजी रामचंद्र. आडनाव एकच, गाव एकच, शेतही तेच. जुना कागद मोडीत, मधला मराठीत, नवा कन्नडमध्ये. वडील गेल्यावर वारसा लावायला गेलो तर कचेरीत पणजोबा आणि वडील एकच माणूस धरलेले. मग पणजोबांचा धाकटा भाऊ झाला वडिलांचा भाऊ! जी वाटणी तीन पिढ्यांमागे होऊन मिटली होती, तिचे वारस आमच्या बरोबरीने हिस्सेदार म्हणून कागदावर उभे. ती माणसं चांगली, त्यांनी काही मागितलं नाही. पण कागद बोलतो तेच खरं ठरतं. बांधावरचं बोलणं बंद झालं, आणि ते अजून पहिल्यासारखं झालेलं नाही.

चूक कचेरीची होती, हे खरं. पण मंडळी, आमची नव्हती का? चार पिढ्यांत एकानेही कागदावर ‘थोरले’, ‘धाकटे’ किंवा निदान साल लिहून ठेवलं नव्हतं.

सोडवलं कुणी? आज्जीने. ती आजोबांचं नाव कधी घेत नसे, आणि पहिल्या नातवाला, माझ्या थोरल्या भावाला, तेच नाव ठेवलेलं, म्हणून त्यालाही नावाने हाक मारत नसे. तो ‘बाळू’. तिच्या डोक्यात प्रत्येकाला वेगळी खूण होती. आजोबा ‘हे’, पणजोबा ‘मामंजी’, त्यांच्या आधीचे ‘पटकेवाले’. ट्रंकेत श्राद्धाच्या तिथ्यांची एक वही निघाली. श्राद्धाला बाप, आजा, पणजा अशी तीन नावं क्रमाने घ्यावी लागतात, म्हणून तेवढी तरी ओळ कुणीतरी लिहून ठेवलेली. त्या वहीच्या आधाराने एकेक मृत्यूची नोंद शोधली, वंशावळ नव्याने करून दिली, आणि पणजोबा पुन्हा पणजोबा झाले.

मी तिला म्हटलं, “आज्जी, तू नाव न घेता सगळ्यांना ओळखलंस.” ती म्हणाली, “नाव काय, एकाचं चौघांना देता येतंय की. माणूस कुठला ते सांगाय नको?”

माझं सगळं भांडण तिच्या या एका वाक्यात आहे.

म्हणून इथे लिहिणाऱ्या प्रत्येकाला विनंती. शाहू लिहिलंत तर सातारचे की कोल्हापूरचे ते लिहा. राजाराम लिहिलंत तर साल लिहा. चन्नम्मा लिहिलीत तर केळदी की कित्तूर ते लिहा. आणि आजोबांचं नाव नातवाला जरूर ठेवा, त्यात माया आहे. फक्त त्याच दिवशी एका वहीत दोघांची जन्मसालं लिहून ठेवा आणि वही कुठल्या कपाटात आहे ते सुनेलाही सांगून ठेवा. आणखी पन्नास वर्षांनी ती कुणाच्या कामी येईल सांगता येत नाही.

येत्या 18 मे ला त्या काकांच्या आधी मीच ग्रुपवर लिहिणार आहे, ‘सातारचे थोरले शाहू’. फोटो नसेल. चालेल न्हवं?