बापाचा मृत्यू गावात नोंदला जातो, लेकराच्या अर्जासाठी मात्र बीड गाठावं लागतं

आई-बाप गेले, किंवा बाप गेला आणि आईचं दुसरं लग्न झालं, तर लेकरू आजीकडं नाहीतर चुलत्या-मामाकडं वाढतं. गावाला यात नवल वाटत नाही. आजीला मात्र सत्तरीत पुन्हा दप्तर, डबा, ताप-खोकला सगळं नव्यानं सुरू करावं लागतं. ऊसतोडीच्या गावांत तर दिवाळीनंतर कर्ती माणसं कोयता घेऊन बाहेर पडतात आणि मागं म्हातारी आणि नातवंडंच उरतात.

अशा मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिला क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. शून्य ते अठरा वयाचं मूल संस्थेत न टाकता घरीच वाढावं, हा तिचा हेतू. अनाथ मुलांबरोबर एकच पालक असलेली मुलं, आई-बापाला गंभीर आजार किंवा तुरुंगवास असलेली मुलंही यात बसतात. म्हणजे शेतकरी आत्महत्येनंतर मागं राहिलेल्या विधवेची मुलंसुद्धा. हे अजून कित्येक घरांना माहीत नाही.

रक्कम आधी महिन्याला ४२५ रुपये होती. नंतर ११०० झाली, आणि २०२३ मध्ये २२५०. दिवसाला हिशोब केला तर पूर्वी १४ रुपये पडायचे, आता ७५. वाढ चांगलीच आहे, नाकारायचं कारण नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये महिना ४००० मिळतात, पण तिथं ग्रामीण कुटुंबाला वर्षाला ७२ हजारांच्या उत्पन्नाची अट आहे. दोन्हींचा लाभ एकदम घेता येत नाही, त्यामुळं अर्ज करतानाच कुठल्या योजनेत बसतो ते विचारून घ्यावं.

अडचण रकमेपेक्षा रस्त्याची आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यायचा, घरी चौकशी होणार, मग बालकल्याण समिती आदेश काढणार. हे सगळं बीडला. परळी, धारूर, आष्टीकडच्या माणसाचा एका हेलपाट्यात दिवस मोडतो, रोजगार बुडतो, वर दोन माणसांचं एसटी भाडं. बरोबर मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक लागतं. एक कागद राहिला की पुन्हा फेरी. मंजुरी झाली तरी नूतनीकरण आहेच, आणि पैसे महिन्याच्या महिन्याला पडत नाहीत ही जुनी तक्रार. दुकानदार मात्र उधारी महिन्याला मागतो.

खरं तर मृत्यूची नोंद गावातच होते, ग्रामपंचायतीत. अंगणवाडी सेविकेला घरातलं लेकरू माहीत असतं, गुरुजींना त्याची गैरहजेरी माहीत असते. आत्महत्येचं प्रकरण असेल तर महसूलची माणसं चौकशीला दारापर्यंत येतात. एवढे सरकारी लोक त्या घरी जातात, पण मुलाचा अर्ज भरून घेणं कुणाच्याच कामात बसत नाही. गावोगाव ग्राम बालसंरक्षण समिती कागदावर आहे, सरपंच तिचे अध्यक्ष. शेवटची बैठक कधी झाली हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. करोनात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमून पालक गमावलेल्या मुलांच्या याद्या झाल्याच की! साथीत जमलं ते एरवी का जमू नये? मृत्यूचा दाखला देतानाच घरात अठराच्या आतलं मूल आहे का एवढं विचारून अर्ज पुढं पाठवला, तर म्हातारीचे निम्मे हेलपाटे वाचतील.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. बापाच्या नावावर दोन एकर असतील तर सातबाऱ्यावर वारस म्हणून मुलाचं नाव लागायला हवं. मूल अज्ञान असल्यानं पुढं "अ.पा.क." म्हणून सांभाळणाऱ्याचं नाव येतं. अ.पा.क. म्हणजे पालनकर्ता, मालक नव्हे. बरेच चुलते पोरांना पोटच्यासारखं वाढवतात, त्यांच्यावर संशय घ्यायचा नाही. पण वारस नोंदच राहिली तर पुढं भाऊबंदकी त्या पोराच्या वाट्याला येते. बालसंगोपनाचा अर्ज आणि तलाठ्याकडची वारस नोंद एकाच महिन्यात उरकलेली बरी.

सांभाळणाऱ्याचा विचार योजनेत फारसा दिसत नाही. आजी आजारी पडली तर लेकरू कुठं ठेवायचं, बापाच्या मृत्यूनंतर गप्प झालेल्या मुलाशी कुणी बोलायचं, याचं उत्तर २२५० रुपयांत नाही. वयात आलेल्या नातीचं लग्न लवकर उरकायची घाई अशाच घरांत जास्त होते. कारण आजीला आपल्यामागं तिचं काय होईल याची धास्ती असते. अठरापर्यंत मदत आहे हे आजीला आधीच कळलं, तर निदान ती घाई थांबवायला एक कारण मिळतं.

अर्जाला फी नाही. कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. मुलाला तातडीची मदत लागली तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.