आधी प्रवाह मोजा, मग व्यास ठरवा

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत होऊ घातलेल्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. पार्क एक हजार एकरांचा आहे. अशा एकेका पार्कातून एक लाख प्रत्यक्ष आणि दोन लाख अप्रत्यक्ष रोजगार मिळतील, असे केंद्राची योजना सांगते. रंगाच्या पाण्याचे काय करायचे यावर बैठका होतील, सीईटीपीही उभा राहील. पण तिथे राबणाऱ्या माणसांच्या मैलापाण्याचा हिशेब कोणाच्या टेबलावर आहे? हे लोक पेठेत, रहाटगावच्या बाजूच्या लेआउटमध्ये, अमरावतीत भाड्याने राहतील. त्यांचे सांडपाणी पार्काच्या कुंपणात थांबणार नाही.

नुसते ५० हजार माणसे वाढली असे धरू. माणशी १३५ लिटर, त्याचे ८० टक्के, म्हणजे रोजचे ५.४ एमएलडी. पीक फॅक्टर २.५ लावला की १३.५ एमएलडी, सेकंदाला १५६ लिटर. हे गणित आपल्यापैकी कोणीही चहा संपायच्या आत मांडील. अडचण गणिताची नाही, त्यात घातलेल्या आकड्यांची आहे. लोकसंख्या २०११ ची, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढचीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. त्या जुन्या आकड्यांवर तीन पद्धतींनी तीस वर्षांचा अंदाज बांधायचा आणि सरासरी काढायची. अकोल्याची हद्द २०१६ मध्ये वाढली आणि २४ गावे एकदम शहरात आली. कोणत्या पद्धतीच्या आलेखात ती दिसली होती?

म्हणूनच एका वाचकाने कळवलेला प्रकार गंभीर वाटतो. त्यांनी मलवाहिनीच्या अंदाजपत्रकात प्रवाह मोजणीची बाब घातली. सात दिवस, चोवीस तास, तीन ठिकाणी. छाननीत ती बाब कापली गेली. शेरा असा की दरसूचीत या कामाला दर नाही. त्याच अंदाजपत्रकातली लोकसंख्येच्या अंदाजाची पाने मात्र तपासून, शिक्के मारून मान्य झाली. म्हणजे कोट्यवधींच्या वाहिन्यांचा व्यास ज्या आकड्यावर ठरणार तो मोजायला पैसे नाहीत, आणि कल्पनेने काढलेल्या आकड्याला तांत्रिक मान्यता आहे. दरसूचीत दर नसेल तर दर विश्लेषण करून तो मंजूर करता येतो. इतर पन्नास बाबींसाठी हेच होते. मग इथेच हात का आखडतो?

दोष एकट्या छाननीचा नाही. आपल्यातले कित्येक सल्लागार मागच्या शहराचा तक्ता उचलून नाव बदलतात. झिरप्यासाठी सरसकट १० टक्के धरतात. वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या हालचालीत आरसीसी पाइपांचे सांधे उघडतात आणि मॅनहोलच्या भिंती सुटतात. त्यात लोक गच्चीचे पाणी बिनदिक्कत चेंबरला जोडतात. आषाढात इथे खरोखर किती पाणी वाहिनीत शिरते, हे कोणत्या डीपीआरमध्ये लिहिलेले आहे? पीक फॅक्टरचेही तसेच. जिथे नळ रोज येत नाही तिथे नळाच्या दिवशी दोन तासांत धुणीभांडी उरकतात आणि वाहिनीवर भार एकदम येतो. पुस्तकातला २.२५ तिथे लागू पडेलच असे नाही. उलट विहिरी आणि बोअरचे पाणी पुरवठ्याच्या आकड्यात येतच नाही, गटारात मात्र येते.

व्यास कमी पडला तर मैला रस्त्यावर येतो, हे सर्वांना दिसते. जास्त झाला तर काय होते, हे दिसत नाही म्हणून कोणी विचारत नाही. घरजोडण्या रखडलेल्या असताना ६०० मिमीच्या पाइपात बोटभर पाणी वाहते, ०.६ मीटर प्रति सेकंद वेग मिळत नाही, गाळ बसतो, वायू कोंडतो आणि काँक्रीटचा माथा आतून खाल्ला जातो. एसटीपीचेही तेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशात ३१,८४१ एमएलडी क्षमता उभारलेली होती आणि वापरात २०,२३६ एमएलडी. तरी रोजच्या ७२,३६८ एमएलडी सांडपाण्यातले बहुतेक नदीनाल्यांत जातच होते.

शिवाय आता या पाण्याला गिऱ्हाईक आहे. जानेवारी २०१६ च्या वीज दर धोरणाने एसटीपीपासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे बंधनकारक केले. नांदगाव पेठेत १,३५० मेगावॅटचे केंद्र उभे आहे. नागपूरचे पाणी कोराडीला जाते, अमरावतीचे इथे का येऊ नये? पण विकणाऱ्याला आपल्याकडे रोज किती माल आहे हे सांगता आले पाहिजे. ‘लोकसंख्या गुणिले १३५’ या हिशेबावर करार टिकत नाही.

मित्रहो, परिपत्रकाची वाट पाहू नका. पावसाआधी आपल्या क्षेत्रातले एक मुख गाठा. ९० अंशांचा पत्र्याचा व्ही-नॉच बसवा. खाचेवर २० सेंमी पाणी चढले की सेकंदाला साधारण २५ लिटर. दर तासाला नोंद घ्या. सात दिवसांत रविवार, आठवडी बाजार, नळाचा दिवस आणि बिननळाचा दिवस येऊ द्या. पहाटे दोन ते चारचा प्रवाह वेगळा लिहा, तुमचा झिरपा बहुतांशी तोच. जुलैत पुन्हा मोजा आणि फरक काढा. तक्ते आमच्याकडे पाठवा, छापण्याची जबाबदारी आमची. मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्यांना आमची एकच मागणी आहे: ज्या डीपीआरला प्रवाह मोजणीचा तक्ता जोडलेला नाही, त्यावर सही करू नका.