दोन मेंढ्यांची वीट

बुद्धिबळ तोंड मिटून खेळायचा खेळ आहे असं ज्याला वाटतं, त्यानं रविवारी दुपारी आमच्या पहाडगंजात यावं. बाहेरच्यांना पहाडगंज म्हणजे मेन बाजार, स्टेशन आणि पाठीवर सॅक घेतलेले परदेशी. आम्हा मराठी मंडळींना नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन. गल्लीत पट मांडला की मात्र मराठी-पंजाबी काही उरत नाही. खेळणारे दोघे, अक्कल शिकवणारे सगळे.

सांगलीची आत्या आली की पहिला तंटा सोंगट्या मांडतानाच. तिचं बुद्धिबळ देशी. प्याद्यानं पहिल्या खेपेलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नाही; त्याऐवजी राजानं एकदाच घोड्याची उडी मारायची, तीही तोवर शह बसला नसेल तर. प्यादं पलीकडे पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तोच मोहरा होणार, सरसकट वजीर नाही. समोरच्याचा नुसता राजा उरला तर ती बुर्जी, आणि बुर्जीत कसली आलीय शान! मिरवायचं ते प्याद्यानं केलेल्या मातीवर. क्लासला जाणारा भाचा विचारतो, "आजी, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" "पुस्तक तुझ्यापाशी ठेव," आत्या म्हणते, "पट माझा आहे."

या नियमांना कुणी गावंढळ म्हणू नये. पंजाबचा मीर सुलतान खान देशी पद्धतीवरच वाढला आणि 1929, 1932, 1933 अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं घेऊन गेला. हेस्टिंग्जला त्यानं कापाब्लांकालाही हरवलं. सुरुवातीच्या चालींत तो कच्चा पडे, डावाच्या शेवटी मात्र भल्याभल्यांना ऐकत नसे. मला देशी डाव आवडतो तो त्याच्या संथपणासाठी. घोकून आणलेल्या चाली तिथे कामाला येत नाहीत, आणि प्यादी सरकेपर्यंत चहाही होतो.

गेल्या दिवाळीत भाच्यानं कटान आणला. दातांची प्रयोगशाळा चालवणाऱ्या क्लाउस टॉयबर या जर्मन गृहस्थानं घरच्यांबरोबर खेळून पारखलेला आणि 1995 मध्ये बाजारात आलेला हा खेळ. षटकोनी तुकड्यांचं बेट. लाकूड, विटा, मेंढ्या, गहू, खनिज यांची देवघेव. आधी दहा गुण करील तो जिंकला. इथे गप्प बसलात की संपलात. आत्यानं नियम अर्धेच ऐकले आणि थेट मंडईत उतरावं तशी घासाघीस सुरू केली. शेजारचे सरदारजी काकुळतीला येऊन म्हणाले, "बहनजी, एक ईंट दे दो." "पहले दो भेड़!"

दोन फाशांवर सात सर्वांत जास्त पडतो, 36 पैकी 6 वेळा. सात पडला की दरोडेखोर हलतो आणि ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील त्याचे निम्मे जातात. सरदारजी साठवणारे, त्यामुळे दरवेळी तेच लुटले जातात. आत्या हाती आलेलं तिथल्या तिथे खपवून मोकळी होते.

परवा दरोडेखोर सरदारजींच्या गव्हावर ठाण मांडून होता आणि आत्याच्या हातात शिपायाचा पत्ता. "दोन विटा द्या, पुढच्या खेपेला उठवते," तिनं शब्द दिला. असं चालतं का, म्हणून भाचा नियमावली चाळायला लागला. तोवर विटा पोचत्या झाल्या होत्या. आत्यानं शब्द पाळला. दरोडेखोर उचलला आणि माझ्या गव्हावर आणून बसवला.