आधी आस शोधा

वार्षिकांकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा मी मराठीच्या मॅडमना विचारले, "टॉर्कच्या गणितांवर लिहिले तर चालेल का?" मॅडमनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "कविता नाही ना? मग चालेल." वर्गातल्या मैत्रिणी मात्र हसल्या. एकीने तर, "हिचे सायन्सचे भूत अजून उतरले नाही," असे निदानही करून टाकले.

या अंकात पावसाच्या कविता असतील, सहलीचे वर्णन असेल, एखादा 'मोबाईल : शाप की वरदान' असेल. ते सारे असावेच. पण आपल्या कॉलेजात माझ्यासारखे बरेचजण आहेत, जे बारावीपर्यंत सायन्सला होते आणि मग इकडे आले. "सायन्स झेपले नाही म्हणून आर्ट्सला" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आता आम्हालाही ते खरे वाटू लागले आहे. मला ते खरे वाटेनासे कसे झाले, ते सांगायचे आहे.

माझे म्हणाल तर हायवेच्या कडेला आमचे हवा-पंक्चरचे दुकान आहे. आप्पा चौथी शिकले, आई शाळेत गेलीच नाही. दहावीला मला चांगले गुण पडले आणि गावातल्या चार शहाण्या माणसांनी सांगितले म्हणून सायन्सला घातले. बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात पहिलाच धडा 'रोटेशनल डायनॅमिक्स'. म्हणजे वर्षाचा नारळ फुटतो तोच या दगडावर! सर फळ्यावर एका रांगेत सूत्रे लिहीत आणि म्हणत, "दिलेले काय, काढायचे काय, ते बघा आणि बसेल ते सूत्र घाला." मी सूत्रे पाठ केली. परीक्षेत कुठले बसते ते कळेना. काठावर पास झाले. बी.एस्सी.चे कॉलेज जिल्ह्याच्या गावी, एस.टी.ने सव्वा तास. धाकट्या भावाचीही फी भरायची होती. हे कॉलेज चालत वीस मिनिटांवर. निर्णय घ्यायला घरात फारसा वेळ लागला नाही. त्याबद्दल मी कुणावर रागावलेली नाही (थोडी आहे), पण तो आजचा विषय नव्हे.

विषय असा की पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत रद्दीत टाकायचे फिजिक्सचे पुस्तक मी पुन्हा उघडले. परीक्षा नव्हती, घड्याळ नव्हते. शिडीचे एक गणित समोर आले. पाच मीटरची शिडी गुळगुळीत भिंतीला टेकवली आहे. तिचा पाया भिंतीपासून तीन मीटरवर, वजन २०० न्यूटन. भिंत शिडीला किती जोराने ढकलते? यात माहीत नसलेल्या गोष्टी तीन : भिंतीचा रेटा, जमिनीचा वर येणारा रेटा आणि पायाशी लागणारे घर्षण. वर्षभर मी या तिघांच्या गर्दीत हरवत होते. त्या दिवशी सहज वाटले, शिडी समजा फिरलीच, तर फिरेल कशाभोवती? पायाभोवती धरले. मग पायाशी लागणारी दोन्ही बले हिशेबातून गळाली, कारण आसावरच लागलेले बल फिरवू शकत नाही. उरले दोनच. शिडीचे वजन मध्यावर, म्हणजे पायापासून दीड मीटरवर. भिंतीचा रेटा चार मीटर उंचीवर. २०० गुणिले दीड बरोबर रेटा गुणिले चार. रेटा ७५ न्यूटन. दोन ओळींत संपले!

मला खरेच वाटेना. मग मुद्दाम शिडीचे वरचे टोक आस धरून पुन्हा मांडले. या खेपेस जमिनीचा रेटा आणि घर्षण दोन्ही आले, पान भरले, पण शेवटी घर्षण निघाले ७५ न्यूटन. आणि भिंत जितके एका बाजूला ढकलते तितकेच घर्षण दुसरीकडे धरून ठेवणार, म्हणजे उत्तर तेच. आस कुठेही धरा, उत्तर बदलत नाही, कष्ट बदलतात. (इतिहासात तसे नाही. तिथे कुठे उभे राहून पाहिले यावर उत्तरही बदलते, असे आमचे सर सांगतात.) आस निवडणे आपल्या हातात आहे, हे मला दोन वर्षांत कुणी सांगितले नव्हते. किंवा सांगितले असेल तर ते इंग्रजीत सांगितले आणि मी ते उतरवून घेतले.

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर बोलते. शाळेत आम्ही तरफ शिकलो होतो. टेकू, भार, बल. भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा. अडकित्ता आणि लिंबू पिळायचे यंत्र यांच्या आकृत्या मी किती सुंदर काढत असे! अकरावीला सगळे इंग्रजीत झाले आणि टॉर्क नावाचा एक नवा, परका प्राणी आला. तो आपला जुना बलभुजेचा गुणाकारच आहे, एवढे एक वाक्य कुणी मराठीत बोलले असते तर माझे वर्ष वाचले असते. मराठी परिभाषा आणा म्हणजे झाले, असे मात्र मी म्हणत नाही. 'मोमेंट ऑफ इनर्शिया'ला 'निरूढी परिबल' म्हटल्याने माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. शब्द कुठलाही चालेल, तो कुठल्या ओळखीच्या गोष्टीला बांधायचा ते सांगायला हवे.

शब्दांची आवड असणाऱ्यांसाठी एक गंमत : 'टॉर्क' हा शब्द फिजिक्समध्ये रूढ करण्याची सूचना जेम्स थॉमसन यांनी १८८४ मध्ये केली. हे लॉर्ड केल्व्हिन यांचे बंधू. मूळ लॅटिन धातूचा अर्थ पिळणे, मुरगळणे. 'टॉर्चर' हा शब्दही त्याच धातूचा. बारावीच्या मुलांना हे कोशात न पाहताही ठाऊक असते.

आता दुकानाकडे येते. ऊसाच्या हंगामात आमच्याकडे रात्रंदिवस गाड्या थांबतात. मोठ्या दुकानात हवेच्या गनने नट सोडतात. आमचा कॉम्प्रेसर हवा भरण्यापुरता. आप्पा पाना लावतात, पान्यावर लोखंडी पाईप घालतात आणि टोकावर पाय देऊन उभे राहतात. मी लहानपणापासून हे पाहत आले. पाना नेहमी डावीकडे, आणि अगदी आडवा. थोडा जरी तिरका बसला तरी आप्पा काढून पुन्हा लावतात. का, ते त्यांना विचारले तर म्हणतील, "तसाच लावत्यात."

माझे वजन ४५ किलो. "ट्रकचा नट सोडणं हे पोरीचं काम न्हाई," असे आप्पांचे म्हणणे, आणि मलाही ते पटलेले होते. शिडीचे गणित सुटल्यावर तिसऱ्या दिवशी मी हे मांडले. ट्रकच्या चाकाचा नट साधारण ६०० न्यूटन-मीटरला आवळतात. माझे वजन म्हणजे ४४१ न्यूटन. पाना अर्ध्या मीटरचा असेल तर टॉर्क २२० च्या आसपास. नट हलणारही नाही. आप्पा ६० किलोचे. त्यांचाही नुसत्या पान्याने २९४. म्हणजे जे माझ्याने होत नाही ते त्यांच्यानेही होत नाही. काम होते ते पाईपमुळे! पाईप धरून लांबी १.४ मीटर केली तर माझ्या ४५ किलोंचा टॉर्क ६१७ होतो. आणि पाना आडवा का, तेही उलगडले. माझे वजन सरळ खाली लागते. पाना ४५ अंशांत तिरका असला तर ६१७ चे ४३६ उरतात.

एका सकाळी आप्पा चहाला गेले असता मी लांब पाईप घातला, पाना आडवा लावला आणि टोकावर उभी राहिले. पहिला नट हलला नाही. गंज चढलेला असला तर ६०० वर भागत नाही. दुसरा 'कर्र' करून सुटला. ट्रकचा ड्रायव्हर आधी घाबरला, मग हसला. आप्पांनी लांबून पाहिले. काही बोलले नाहीत. पण नंतर तो लांब पाईप मला हाताशी येईल असा उभा करून ठेवलेला दिसला.

इथे माझे एक मतभेदाचे म्हणणे आहे. गेल्या वर्षी एका समारंभात पाहुणे म्हणाले की आपल्या अडाणी माणसांना सारे विज्ञान आधीपासूनच ठाऊक असते, पुस्तकांची गरज काय? टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. आप्पांच्या हाताला पुष्कळ कळते हे मला कुणी सांगायला नको. पण हे आप्पाच नट आवळतानाही पाईप वापरत. घट्ट म्हणजे चांगला, हा हिशेब. त्यापायी दोनदा स्टड तुटला आणि दोन्ही वेळा नवा स्टड आमच्या पदरचा गेला. सोडताना नटाने किती धरून ठेवले आहे ते आपल्या हातात नसते, पण आवळताना किती पिळायचे ते असते. ६० किलोंचा माणूस दीड मीटर पाईपवर उभा राहिला तर ८८२ न्यूटन-मीटर होतात, म्हणजे पाहिजे त्याच्या जवळजवळ दीडपट. मी कागदावर चित्र काढून हे आप्पांना दाखवले. आकड्यांकडे त्यांनी पाहिले नाही, चित्राकडे पाहिले. हल्ली ते आवळायला आखूड पाईप घेतात. हाताला जे कळत नव्हते ते गणिताला कळले. हाताला पूजायचे आणि मुलांना गणितापासून दूर ठेवायचे, असले कौतुक आम्हाला नको.

कॉलेजातली एक हकीकत सांगायची राहिली. मनोरंजन कक्षात मी एक लांब फळी उताराला लावली आणि वर तीन वस्तू धरल्या : एक गोटी, कॅरमचा स्ट्रायकर आणि माझे पितळी कडे. एकदम सोडल्या तर पहिली कोण? बहुतेकांनी कड्याला मत दिले, ते सर्वांत जड म्हणून. एका प्राध्यापकांनीही. (नाव लिहीत नाही, माझी अंतर्गत परीक्षा व्हायची आहे.) जिंकली गोटी. स्ट्रायकर तिच्या पाठोपाठ, आणि कडे रेंगाळत. पुन्हा केले, पुन्हा तसेच. गंमत अशी की गणित मांडले तर वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही समीकरणातून निघून जातात. लहान-मोठे, जड-हलके याला महत्त्व नाही; वस्तुमान आसापासून किती दूर पसरले आहे एवढेच उरते. कड्याचे सगळे पितळ कडेला, म्हणून त्याला फिरते करण्यातच पुष्कळ खर्च होतो. न घसरता घरंगळल्यास गोटी एक मीटर खाली पोचते तेव्हा स्ट्रायकर ९३ सेंटिमीटरवर असतो आणि कडे अवघ्या ७० वर. ऑयलरने ही जडत्वाची कल्पना आपल्या १७६५ च्या ग्रंथात पक्की केली. तेव्हा इथे माधवराव पेशव्यांचा काळ होता. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात तो काळ आहे, हे नाही. दोन्ही एकाच वर्षात घडत होते, हे लक्षात आल्यावर मला कितीतरी वेळ चमत्कारिक वाटत राहिले.

त्या दिवसापासून आम्ही सहाजण शनिवारी शेवटच्या तासानंतर बसतो. तिघे सायन्समधून आलेले, तिघे सातवीपासून गणिताला भिणारे. एका तासात एकच गणित. अट एवढीच, की सूत्र लिहिण्याआधी 'कशाभोवती?' याचे उत्तर मराठीत बोलून दाखवायचे. माझी प्राचार्यांना विनंती आहे की ग्रंथालयात अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या दोन-दोन प्रती घ्याव्यात. आर्ट्सच्या ग्रंथालयात त्यांचे काय काम, असे विचारले गेले आहे. कादंबऱ्यांच्या कपाटात खालचा खण रिकामा आहे, हे मी पाहून ठेवले आहे.

परवा आप्पांनीच मला गणित घातले. "जॅक लावायच्या आधी नट सैल करावं लागत्यात. चाक उचललं की नटाबरोबर चाकच फिरतंय. ह्याचं हाय का गणित?" मी लगेच मांडले : चाक जमिनीवर असताना घर्षण त्याला धरून ठेवते, नटाचा टॉर्क ६१७, तेवढे घर्षणाने पेलायचे. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले की चूक झाली. नट फिरतो नटाभोवती, पण चाक फिरते चाकाच्या आसाभोवती! मग माझा पाय चाकाच्या आसापासून किती लांब ते मोजायला हवे. नट आसाच्या डावीकडे १७ सेंटिमीटरवर असेल तर १.५७ मीटर, उजवीकडे असेल तर १.२३. डावीकडच्या नटाला चाकावर ६९२ न्यूटन-मीटर येतात, उजवीकडच्या नटाला ५४२. एकच पाना, एकच पाईप, एकच मी, आणि चाकाला फरक दीडशेचा.

सकाळी आप्पांना विचारले, "आप्पा, तुम्ही कुठला नट आधी सोडता? डावीकडचा का उजवीकडचा?"

आप्पा थांबले. हातात पाना नव्हता, तरी त्यांनी हवेतच तो धरला, एकदा इकडे लावून पाहिला, एकदा तिकडे.

"बघून सांगतो," म्हणाले.