शिकूनसवरून गार्ड?

मंडळी, गेले पंधरा दिवस आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे काही चाललंय, ते वाचून वाचून मी थकले. तिथे चार ओळींच्या वर लिहिलं की कोणी वाचत नाही, नुसती हात जोडलेली चित्रं येऊन पडतात. म्हणून इथे लिहिते. आमचे नातेवाईक हा ब्लॉग गुपचूप वाचतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा निरोप आपोआप पोचेल. ज्या ब्लॉगमित्रांना आमच्या घरच्या भानगडीत रस नाही त्यांनी जरा सोसून घ्यावं. पुढे वाघ येणार आहे.

तर झालं असं. माझ्या भाच्याचा मुलगा पुण्यात हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं नोकरीला होता. वय सव्वीस. त्याने राजीनामा दिला आणि घरी सांगितलं की मी वनरक्षकाच्या भरतीची तयारी करतोय. वनरक्षक म्हणजे आपण ज्याला फॉरेस्ट गार्ड म्हणतो तो. खाकी घालणाऱ्यांत सगळ्यात खालची पायरी. त्याच्या वर वनपाल, त्याच्या वर वनपरिक्षेत्र अधिकारी, आणि मग साहेबांची रांग.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. वहिनीने दोन दिवस धड जेवण केलं नाही. भाचा म्हणाला, "आत्या, बारावी पास पोरांच्या नोकरीला हा इंजिनियर जाणार!" एकाने विचारलं, मुलगी कोण देणार? दुसऱ्याने हिशेब मांडला, की सातव्या वेतन आयोगात वनरक्षकाचं मूळ वेतन 21,700 रुपयांपासून सुरू होतं, म्हणजे पोराच्या फ्लॅटचा हप्तासुद्धा निघणार नाही. (फ्लॅट त्याने घेतलेलाच नाही. हप्त्याची काळजी मात्र सगळ्यांना!) आणि हे सगळं माझ्यामुळे झालं म्हणे, कारण सुट्टीत तो माझ्याकडे यायचा तेव्हा मी त्याला जंगलाच्या गोष्टी सांगायचे.

पगाराचं मला समजतं. काटकसरीत संसार मीही केलाय आणि पैशाला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. पण मला राग येतो तो दुसऱ्याच एका वाक्याचा. "जंगलाची एवढी आवड आहे तर आयएफएसची परीक्षा दे, साहेब हो, आम्ही अभिमानाने सांगू." म्हणजे जंगलाला तुमची हरकत नाही, वाघालाही नाही, साप-विंचवालाही नाही. हरकत आहे ती फक्त पायी चालण्याला! जीपमध्ये बसला तर पोरगा कर्तबगार आणि काठी घेऊन चालला तर वाया गेला. त्याला 'करिअरची चिंता' म्हणू नका. ही आपली जुनीच खोड आहे, हाताने आणि पायाने काम करणाऱ्याला खाली बसवायची. चार पिढ्या शिकलो तरी ती गेली नाही.

आता वाघ. 2019 च्या डिसेंबरात हेच सगळे ताडोब्याला गेले होते. मोहर्ली गेटने सफारी, त्याआधी नव्या टोप्या आणि दुर्बिणींची खरेदी. माया वाघीण दिसली. तिचा फोटो आमच्या ग्रुपवर कितीतरी दिवस मिरवत होता. मायाच्या आईचं नाव, तिच्या बछड्यांची संख्या, सगळं सगळ्यांना पाठ.

त्याच मायाने 20 नोव्हेंबर 2021 ला एका वनरक्षक बाईंना मारलं. त्यांचं नाव स्वाती ढुमणे. व्याघ्रगणनेसाठी वाघाच्या खुणा नोंदवायला त्या तीन मदतनिसांबरोबर कोलारा भागात सकाळी पायी निघाल्या होत्या. पुढे रस्त्यावर वाघीण बसलेली दिसली. त्या थांबल्या, वाट पाहिली, ती हलेना तेव्हा झाडीतून वळसा घालून जायला लागल्या, आणि तिने झडप घातली. बाईंनी काही आततायीपणा केला नाही. काम होतं ते करत होत्या.

मी परवा ग्रुपवर विचारलं, की माया सगळ्यांना आठवते, स्वाती ढुमणे कोणाला आठवतात का? एकानेही उत्तर दिलं नाही. मग कोणीतरी विषय बदलून कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक टाकला.

वाघांचा आकडा वाढला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. तो आकडा येतो कुठून? आकाशातून नाही पडत. कोणीतरी पायी फिरून विष्ठा, ओरखडे, पावलं टिपतो, कॅमेरे झाडांना बांधतो, सोडतो. तोच माणूस उन्हाळ्याआधी जाळरेषा काढून घेतो, वणवा लागला की झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन पळतो, पाणवठ्यात पाणी आहे का बघतो, रानडुकरासाठी लावलेले तारेचे फास शोधून काढतो, आणि कोणाची गाय वाघाने नेली की पंचनाम्याला हजर होतो. आपण जे तिकीट काढून बघायला जातो ते या माणसाने राखलेलं असतं, आणि सफारीच्या गाडीतून आपण त्याच्याकडे बघून हातसुद्धा हलवत नाही.

मारुती चितमपल्लींना 2025 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. तेव्हा आमच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचा पूर आला होता, 'अरण्यऋषी' वगैरे. त्यांची पुस्तकं मीही पुन्हा पुन्हा वाचलीत, प्रश्न त्यांचा नाहीच. पण एक सांगा, जंगल खात्यात आयुष्य काढलेला माणूस लेखक झाला की ऋषी, आणि घरातला पोरगा जंगल खात्यात निघाला की सुतक. हे कसं काय बुवा?

एवढं तावातावाने लिहितेय, पण आता माझं स्वतःचं सांगायला हवं.

मी चंद्रपूर जिल्ह्यात, तालुक्याच्या एका गावी, माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते. 1986 किंवा 87 ची गोष्ट असेल. नववीच्या वर्गात एक मुलगा होता, सडपातळ, मागच्या बाकावर बसणारा. त्याचे वडील फॉरेस्ट गार्ड होते. आठवडाआठवडा घरी नसायचे, एकदा शाळेत आले ते चिखलाचे बूट दाराबाहेर काढून अनवाणी माझ्यासमोर उभे राहिले. या मुलाला झाडांची नावं येत, पण संधी कधी सुटला नाही. (शब्दांचा संधी म्हणतेय.) एक दिवस चिडून मी भर वर्गात बोलले, "असाच राहिलास तर तुझ्या बापासारखा जंगलात भटकत बसशील." वर्ग हसला. तो हसला नाही, रडलाही नाही. वहीत बघत राहिला. दुसऱ्या दिवशीपासून त्याने वर्गात तोंड उघडणं बंद केलं.

तेव्हा मला वाटलं, बरं झालं, पोरगा गप्प झाला. ती शिव्यांसारखी वापरायची वाक्यं तेव्हा सगळेच शिक्षक वापरत. ढोरं राखशील, भांडी घासशील, जंगलात जाशील. आज भाचा जे बोलतोय ते त्याने आमच्यासारख्यांच्याच वर्गात शिकलंय. म्हणून त्याच्यावर ओरडताना माझा आवाज मध्येच बसतो.

आता पोराकडे वळते, कारण त्यालाही मी मोकळं सोडलेलं नाही. त्याच्या मोबाईलवर धुक्यातल्या जंगलाचा फोटो आहे. म्हटलं, बाळा, हे धुकं वर्षात किती दिवस असतं? 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. अशा वेळी गावाचा संताप ज्याच्यावर पहिला निघतो तो साहेब नसतो, गार्ड असतो. लोक घेरतात. त्यांचं चूक आहे असंही म्हणता येत नाही, त्यांच्या घरातलं माणूस गेलेलं असतं. तू तिथे काय बोलशील? वरिष्ठ त्रास देतील, बदली होईल, लाकूडवाला पाकीट पुढे करेल, तेव्हा?

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आत्याआजी, माहीत नाही. पण तिथे उभं तरी राहीन."

ग्रुपवर एकच हरकत अशी आली जिने मला निरुत्तर केलं, आणि ती आमच्या धाकट्या जावेची होती. ती म्हणाली, जंगलाकाठच्या गावातल्या पोराला ही एकच नोकरी दिसते, त्याची जागा हिंजवडीच्या पोराने का घ्यावी? यावर मी दोन रात्री विचार केला. परीक्षा सगळ्यांना सारखी असं म्हणायला सोपं, पण क्लास लावायला पैसे कोणाकडे असतात ते मला ठाऊक आहे. पोराला विचारलं तर त्याचंही तोंड उतरलं. हा प्रश्न अजून तसाच आहे.

असो. तो सध्या पहाटे पाचला धावतो. 2023 च्या भरतीत पुरुषांना 5 किलोमीटर 30 मिनिटांत धावायचं होतं, तो सत्तावीस मिनिटांवर आलाय. शिवाय चार तासांत 25 किलोमीटर चालायचं असतं. मागच्या रविवारी तो कात्रजहून सिंहगडाकडे टेकड्यांवरून चालत गेला, पायाला फोड घेऊन आला आणि वहिनीने न बोलता कोमट पाण्यात मीठ घालून दिलं. हे तिनेच मला फोनवर सांगितलं. दोन आठवड्यांनंतर तिचा आवाज जरा नीट वाटला.

येत्या रविवारी तो माझ्याकडे जेवायला येतोय. ज्यांना त्याच्याशी बोलायचंय त्यांनी जरूर यावं, पुरणपोळी आहे. ग्रुपवर मात्र आता बास.

आणि नववीतल्या त्या मुलाचं म्हणाल, तर तो वनपाल म्हणून निवृत्तीला आलाय असं जुन्या सहकारी बाईंकडून कळलं. त्यांनी नंबरही दिला. कागदाचा तो चिटोरा फोनखाली ठेवलाय, गेल्या मंगळवारपासून.