अखेरची सही

भाईंदरच्या खाडीपलीकडे वसई आहे. तेथे जन्मलेले गोन्सालो गार्सिया फिलिपाइन्समधील मनिलाहून जपानला गेले आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मरण आले. त्यांच्या श्रद्धेविषयी वाद झाला नाही. तीनशे वर्षांनी त्याच मनिलात आणखी एका पुरुषाला मृत्युदंड झाला. त्याच्या अखेरच्या श्रद्धेचा वाद मात्र आजही मिटलेला नाही.

होसे रिझाल हे नेत्रवैद्य आणि कादंबरीकार. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नोली मी तांगेरे’ या कादंबरीत त्यांनी स्पॅनिश धर्मगुरूंच्या सत्तेवर कोरडे ओढले. ३० डिसेंबर १८९६ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. आदल्या रात्री त्यांनी आपली मते मागे घेतली आणि कॅथलिक धर्मात परत येत असल्याच्या पत्रावर सही केली, असे कोठडीत गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी सांगितले.

कुटुंबीयांना मूळ पत्र पाहायला मिळाले नाही. देह शवपेटीविना पुरला गेला. बहीण नार्सिसा हिने ती जागा शोधून आद्याक्षरे उलट क्रमाने कोरलेली शिळा तेथे बसवली. पत्र धर्मप्रांताच्या दफ्तरात सापडले ते १९३५ मध्ये. रिकार्डो पास्कुआल यांनी हस्ताक्षर तपासून ते बनावट ठरवले, तर इतर अभ्यासकांनी ते खरे मानले. खरे मानणारे एक हळवे कारणही सांगतात. जोसेफिन ब्रॅकन हिच्याशी चर्चमध्ये विवाह करायचा तर मते मागे घ्यावीत, अशी अट रिझाल यांना पूर्वीच घातली गेली होती. तिला पत्नीचा मान मिळावा, एवढ्यासाठीही त्यांनी सही केली असेल.

व्यापारी घराण्यांना सहीचे मोल सांगावे लागत नाही. परंतु सही कोणाची, या प्रश्नाइतकाच ती कोणत्या अवस्थेत झाली, हा प्रश्नही महत्त्वाचा असतो. संथाऱ्याविषयी शास्त्राने केवढी दक्षता घेतली आहे! जगण्याची आस, मरणाची घाई, इतकेच नव्हे तर स्नेह्यांविषयीची ओढ हीसुद्धा तेथे अतिचार मानली आहे. व्रत घ्यायचे ते स्वेच्छेने, निर्मळ भावाने. मग पहाऱ्यातील कोठडी, सरत चाललेली रात्र आणि समोर ठेवलेला कागद, यांतून भाव कसा ओळखावा? सही खरी ठरली तरी हस्ताक्षर सिद्ध होईल; अंतःकरण नव्हे. रिझाल यांनी मोकळेपणी जे लिहिले, त्याला अशी शंका शिवत नाही.

घरातील वडीलधारे अंथरुणाला खिळले की कोणीतरी कागद घेऊन उशाशी बसते; कधी मृत्युपत्राचा, तर कधी एखाद्या नियमासाठी आग्रह धरला जातो. हेतू चांगलाही असेल. तरी आधी एकच विचारावे, “आपली इच्छा आहे का?” आणि उत्तर नाही असे आले, तर कागद घडी करून ठेवावा व नुसता हात हातात घ्यावा.