डिलनचा ख्रिसमस आणि तीच ती गाणी

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या रेडिओला एक आजार जडतो. शेकडो स्टेशनं आपलं नेहमीचं संगीत गुंडाळून ठेवतात आणि चोवीस तास ख्रिसमसची गाणी लावतात. पहिले दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की हा सगळा कारभार मूठभर गाण्यांवर चालला आहे. गायक बदलतो, गाणं तेच. ऑनसाइट असताना रोज पाऊण तास गाडी चालवत ऑफिसला जाणाऱ्या माणसाला हे चांगलंच ठाऊक असतं. २५ डिसेंबरपर्यंत त्या माणसाला घंटा हा प्रकारच नकोसा होतो :)

या पार्श्वभूमीवर बॉब डिलनने २००६च्या डिसेंबरमध्ये जे केलं, ते मला रेडिओच्या इतिहासातलं एक शहाणपणाचं काम वाटतं. 'थीम टाइम रेडिओ अवर' हा त्याचा कार्यक्रम मे २००६ मध्ये एक्सएम या सॅटेलाइट रेडिओवर सुरू झाला. दर आठवड्याला एक विषय घ्यायचा आणि त्यावरची गाणी लावायची. हवामान, आई, तुरुंग, कॉफी, काहीही. २००९ पर्यंत शंभर भाग झाले. कार्यक्रम एरवी तासाभराचा, पण ख्रिसमस आणि नववर्षाचा भाग मात्र दोन तासांचा केला. सांता येतो त्या रात्रीची ती प्रसिद्ध इंग्रजी कविताही डिलनने त्यात वाचून दाखवली. डिलनचा उतारवयातला आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांनी कल्पना करावी. खडीच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जातोय आणि तो मुलांना गोष्ट सांगतोय.

गाण्यांची निवड करणाऱ्यात डिलनइतकाच वाटा एडी गोरोडेट्स्कीचा. हा टीव्हीवरच्या विनोदी मालिकांचा लेखक, आणि या कार्यक्रमाचा निर्माता. त्याचा जुना छंद असा की दर ख्रिसमसला कुणी न ऐकलेली गाणी जमवायची, त्यांची टेप करायची (पुढे सीडी) आणि मित्रांना पाठवायची. १९९० मध्ये तर 'ख्रिसमस पार्टी विथ एडी जी' नावाचा रीतसर अल्बमच निघाला. म्हणजे रेडिओवर जे आलं त्याच्यामागे एका माणसाचं वर्षानुवर्षांचं येडेपण होतं.

आता मुद्द्यावर येतो. तीच ती गाणी का वाजतात? 'लोकांना तेच आवडतं' हे उत्तर सोपं आहे, पण अर्धवट. रेडिओवाले गाणी कशी निवडत ते बघा. लोकांना एका हॉलमध्ये बसवायचं, एकेका गाण्याचा सातआठ सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि गुण द्यायला सांगायचं. ज्या गाण्याला गुण जास्त, ते जास्त वेळा वाजणार. सात सेकंदांत माणूस एवढंच सांगू शकतो की हे गाणं आपण ओळखतो की नाही. म्हणजे अनोळखी गाणं या परीक्षेत पास होऊच शकत नाही. ते वाजणार नाही, म्हणून ओळखीचं होणार नाही, आणि पुढच्या वर्षीही नापास. प्रोग्रॅमर मंडळींना हा लूप ओळखू यायला हरकत नाही. यातून बाहेर पडायची अटच लिहिलेली नाही.

त्यात १९९६च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्टेशनं घ्यावीत यावरची मर्यादा काढून टाकली. क्लिअर चॅनल या कंपनीकडे तेव्हा चाळीसेक स्टेशनं होती, ती काही वर्षांत बाराशेच्या वर गेली. मग निवडणारी डोकी कमी झाली, याद्या सारख्या झाल्या.

कुणी म्हणेल, आता स्ट्रीमिंग आहे, सगळी गाणी सगळ्यांच्या खिशात आहेत, प्रश्न मिटला. मिटला नाही, वाढला. मराया कॅरीचं 'ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू' १९९४ साली आलं आणि बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिलं कधी आलं? २०१९ मध्ये. ब्रेंडा लीने १९५८ साली गायलेलं 'रॉकिंग अराउंड द ख्रिसमस ट्री' २०२३ मध्ये पहिल्या नंबरवर गेलं, बाई तेव्हा ७८ वर्षांच्या होत्या. त्यांचं अभिनंदनच आहे, पण इतकं मोठं भांडार उघडल्यावर लोकांच्या हाती लागलं ते पासष्ट वर्षांपूर्वीचं तेच गाणं. कारण हॉलमधल्या परीक्षेची जागा आता अल्गोरिदमने घेतली आहे, आणि जे वाजतं तेच पुढे करायचं हा त्याचाही मूळ स्वभाव. अशा यंत्रांत थोडी शोधाशोध मुद्दाम घालावी लागते, आणि घातली की लोक गाणं पुढे ढकलतात, आकडे पडतात. मग सोमवारच्या मीटिंगमध्ये ती शोधाशोध कमी करायचं ठरतं. मी याच धंद्यातला आहे, तेव्हा हे तक्रार म्हणून नाही, वर्णन म्हणून सांगतोय.

बिंग क्रॉस्बीच्या 'व्हाइट ख्रिसमस'ची गंमत यात आठवते. १९४२च्या रेकॉर्डिंगची मूळ प्रत छापून छापून इतकी झिजली की १९४७ मध्ये त्याला तेच गाणं पुन्हा गावं लागलं. पूर्वी गाणी निदान झिजत तरी होती.

निवेदक काय करतो, तर अनोळखी गाण्याला सात सेकंदांपेक्षा जास्त वेळ मिळवून देतो. गाणारा कोण, कुठला, हे तो दोन वाक्यांत सांगतो आणि आपण थांबतो. रेडिओ सिलोनवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम रोज सकाळी सैगलच्या गाण्याने संपायचा. आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांना सैगल कळला तो त्या सवयीमुळे. कुठल्या मतदानात तो निवडून आला नव्हता. विविध भारतीच्या 'जयमाला'त कलाकार स्वतः निवेदक होऊन फौजी भाईंसाठी गाणी लावत, तेव्हाही हेच व्हायचं.

आणि अनोळखी गाण्यांची गरज असते ती नेमकी सणाच्या दिवशी. नेहमीच्या गाण्यांत सगळे घरी असतात, शेकोटी असते, बर्फ पडत असतो. पण त्या दिवशी ड्यूटीवर कोण असतं? नर्स, ट्रक ड्रायव्हर, तुरुंगातले लोक. आणि हो, प्रॉडक्शन सपोर्टला बसवलेले आमच्यासारखे देसी. अमेरिकन सहकारी रजेवर, बस बंद, पार्किंगमध्ये तीन गाड्या आणि तिन्ही आपल्याच लोकांच्या. त्या माणसाला 'घरी चला' सांगणारं गाणं ऐकवून काय उपयोग! त्याच्यासाठीही गाणी आहेत, भरपूर आहेत. जॉन प्राइनचं 'ख्रिसमस इन प्रिझन' (१९७३). रेड सिम्पसनची ट्रक ड्रायव्हरांच्या ख्रिसमसची गाणी. चार्ल्स ब्राउनचं 'प्लीज कम होम फॉर ख्रिसमस' (१९६०), ज्याचं दुःख इतकं सभ्य आहे की ते चुकून लोकप्रिय झालं. आणि अटलांटाचे रेव्हरंड जे. एम. गेट्स यांचं १९२६चं प्रवचन-गाणं, ज्याचं नावच मुळी 'यंदा तुमचा सांता म्हणजे कदाचित मृत्यू असेल' अशा अर्थाचं आहे. हॉलमधल्या परीक्षेत हे किती गुण मिळवेल सांगा :)

खरं तर गोड वाटणाऱ्या गाण्यांच्या पोटातही हे असतंच. 'व्हाइट ख्रिसमस' लिहिणारा अर्व्हिंग बर्लिन ज्यू होता. त्याचं तीन आठवड्यांचं बाळ १९२८ साली गेलं ते २५ डिसेंबरलाच. गाणं त्यानंतर कित्येक वर्षांनी आलं. निवेदकाने हे एवढं सांगितलं तरी हजार वेळा ऐकलेलं गाणं परत ऐकावंसं वाटतं. डिलनही ज्यू घरातला, मिनेसोटाच्या बर्फात वाढलेला. ज्याच्या घरचा हा सण नव्हता तोच त्याचं दोन तास अगत्याने आतिथ्य करतो, हे मला फार आवडतं.

मराठीत असं करायला माल आहे का? आहे. गोव्यात राहून फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेलं आणि १६१६ साली छापलेलं ख्रिस्तपुराण आहे, त्यात येशूजन्म आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं आणि गीतं मराठी चर्चमध्ये शंभर वर्षांहून जास्त काळ गायली जात आहेत. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलेली माणसं शेकड्यांनी भेटतात, पण टिळकांचं एखादं नाताळगीत ऐकलेला बिगरख्रिस्ती मराठी माणूस मला आजवर भेटलेला नाही. वसईत पुन्हा तिथल्या बोलीतली गाणी निराळी. एखाद्या चांगल्या मराठी गायकाने किंवा गायिकेने माइकसमोर बसून दोन तास हे लावावं, मध्ये मध्ये बोलावं. पैसेही फार लागणार नाहीत. दिवाळी पहाटेच्या नावाखाली दरवर्षी तीच बारा गाणी ऐकवणाऱ्या प्रायोजकांनी एखाद्या वर्षी हे करून बघावं.

ता.क. त्या रेडिओ कार्यक्रमासाठी कुणीतरी ब्रेव्ह कॉम्बो नावाच्या टेक्सासच्या पोल्का बँडची रेकॉर्ड पाठवली होती. त्यातलं 'मस्ट बी सांता' डिलनला इतकं आवडलं की २००९च्या 'ख्रिसमस इन द हार्ट' या अल्बममध्ये त्याने ते त्याच धाटणीत स्वतः गायलं, ॲकॉर्डियनसकट, भन्नाट वेगात. अल्बमची रॉयल्टी कायमची भुकेल्यांना जेवण देणाऱ्या आणि बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिलेली आहे. व्हिडिओ शोधून जरूर बघा, डिलनने लांब केसांचा टोप घातला आहे.